दोन सांधे, एकच बटण

मैत्रिणींनो, रेल्वेच्या प्रवासात एक गोष्ट तुमच्याही लक्षात आली असेल. गाडी छान एका लयीत चाललेली असते. स्टेशन जवळ आलं की एकदम खडखडाट वाढतो, डबा जरासा एका अंगाला झुकतो आणि पुन्हा सरळ होतो. आपण पिशव्या आवरायला घेतो आणि म्हणतो, "आलं वाटतं गाव!" त्या दोन-चार सेकंदांत गाडी एका रुळावरून शेजारच्या रुळावर गेलेली असते. पण ती कशी गेली, कुणी नेली, याचा विचार आपण कशाला करतो!

एका रुळातून दुसरा रूळ जिथे फुटतो, त्या जागेला सांधा म्हणतात. आपल्या बोलण्यातही हा शब्द रुळलेला आहे. कुणाच्या आयुष्याला नवी दिशा मिळाली की आपण म्हणतो, सांधा बदलला. पण दोन रूळ शेजारी-शेजारी धावत असतील आणि गाडीला इकडून तिकडे न्यायचं असेल, तर एक सांधा पुरत नाही. इकडच्या रुळावर एक, तिकडच्या रुळावर एक, आणि मध्ये दोघांना जोडणारा तिरका तुकडा. या जोडगोळीला क्रॉसओव्हर म्हणतात. गंमत म्हणजे सांधे दोन असले तरी रेल्वेच्या नकाशात त्यांना नंबर एकच असतो. एक १७ अ, तर दुसरा १७ ब. कारण दोघांनी वळायचं तर एकदमच वळायचं. एक वळला आणि दुसरा तसाच राहिला, तर गाडीचं काही खरं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बी. ए.ला मराठी आणि इतिहास घेतलेल्या या बाईला हे कुणी शिकवलं? सांगते.

मेंदी, केक आणि आगगाडी

आमचं महिला मंडळ दर मे महिन्यात मुलींसाठी सुट्टीतले वर्ग घेतं. मेंदी, रुखवताच्या वस्तू, केक, कागदी फुलं. ठरलेलंच असतं सगळं. आमच्या कॉलनीत रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांच्या मागच्या खोलीत आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर छोटी आगगाडी मांडलेली आहे. खरी गाडी ८७ पट लहान केली की होते तेवढी. दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर, म्हणजे फार तर आपल्या बोटाएवढं. आपल्याकडच्या ब्रॉडगेज रुळांत हेच अंतर १६७६ मिलिमीटर असतं.

काकांनी लंबगोल आकाराचे दोन रूळ, एकाच्या आत एक, असे अंथरून ठेवले होते. बाहेरच्या रुळावरून आतल्या रुळावर जायला क्रॉसओव्हरही बसवला होता. पण वायरिंग सगळं राहिलेलं. का? तर वायरिंग टेबलाच्या खालून करायचं असतं, आणि गुडघ्यांमुळे काकांना खाली शिरता येईना! ते मला सहज म्हणाले, "ताई, तुमच्या वर्गातल्या चार मुली पाठवाल का? त्यांचे गुडघे शाबूत आहेत. मी वर बसून शिकवीन, त्या खाली काम करतील."

मी फळ्यावर नोटीस लावली. अपेक्षा चार जणींची होती, नावं आली नऊ. सगळ्या आठवी ते दहावीतल्या. आणि नावांपाठोपाठ आयासुद्धा आल्या. "अहो ताई, मुलींना आगगाडी कशाला? तो मुलांचा खेळ." दुसरी म्हणाली, "आणि करंट लागला तर? उद्या लग्न करून द्यायची आहे तिला."

करंटची शंका रास्त होती. काकांनी तिचं उत्तर पहिल्याच दिवशी दिलं. घरातला वीजपुरवठा २३० व्होल्टचा, तो जीव घेऊ शकतो. खेळण्यातली गाडी चालते १२ व्होल्टवर, आणि सांधे फिरवणाऱ्या मोटरी १६ व्होल्टच्या आसपास. भिंतीतल्या प्लगला मुलींनी हात लावायचा नाही, तो काकाच लावणार. त्या प्लगच्या अलीकडे ॲडॉप्टर, आणि ॲडॉप्टरच्या अलीकडे मुलींचं राज्य! सोल्डरिंगची इस्त्री मात्र घरच्या विजेवरच तापते, म्हणून ती काकांच्या देखरेखीखालीच हातात घ्यायची.

टेबलाच्या खाली

पहिले दोन दिवस नुसतं वायर सोलणं आणि सोल्डर करणं. मुलींचे हात बघून काका खूश झाले. मेंदीचा कोन धरणारा हात सोल्डरिंगची इस्त्रीही तेवढ्याच बेतानं धरतो, हे मीही तेव्हाच पाहिलं.

मग मोटरी आल्या. सांध्याची मोटर म्हणजे काय, तर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आणि मध्ये एक लोखंडी दांडी. डाव्या वेटोळ्यात वीज सोडली की दांडी डावीकडे खेचली जाते, उजव्यात सोडली की उजवीकडे. दांडीबरोबर वरचा सांधा 'टक्' करून फिरतो. प्रत्येक मोटरला तीन वायरी. एक दोघांना सामाईक, एक सरळ मार्गाची, एक वळणाची. वीज फक्त क्षणभर द्यायची. बटण दाबून धरलं, तर वेटोळं तापून जळतं.

क्रॉसओव्हरला अशा दोन मोटरी आणि त्यांना मिळून एकच बटण. म्हणजे दोन्ही मोटरींच्या 'सरळ' वायरी एकत्र बांधायच्या, दोन्हींच्या 'वळण' वायरी एकत्र बांधायच्या. ऐकायला किती सोपं! पण इथे पहिली अडचण आली. बटण दाबलं की एक सांधा पुरा फिरे आणि दुसरा अर्ध्यावर लटके. एका मोटरला पुरणारी वीज दोघींना पुरत नव्हती.

काकांनी त्यावर एक छोटी डबी जोडली. तिच्यात कपॅसिटर असतो. तो वीज साठवतो आणि बटण दाबलं की सगळी एकदम सोडतो. मुलींना ते लगेच कळलं. आमच्या गावात नळाला करंगळीएवढी धार येते. त्या धारेखाली अंगण धुता येत नाही. पण तीच धार बादलीत साठू दिली आणि बादली एकदम ओतली, तर अंगण स्वच्छ! कपॅसिटर म्हणजे ती बादली. तेव्हापासून त्या डबीचं नाव बादलीच पडलं.

आता दोन्ही सांधे जोरात फिरू लागले. पण एक सरळ होई, तेव्हा दुसरा वळणावर जाई! गाडी तिरक्या तुकड्यावरून आली आणि दुसऱ्या सांध्यावर इंजिन लटपटून बाजूला कलंडलं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. वायरी तर बरोबर होत्या. लालला लाल, हिरव्याला हिरवी, सगळ्यांनी तीनतीनदा पाहिलं. काका काहीच बोलेनात, नुसते हसत बसले.

टेबलाखाली एक नववीतली मुलगी पालथी पडून बघत होती. एरवी फार न बोलणारी. ती खालूनच म्हणाली, "आजोबा, ही दुसरी मोटर उलटी बसवलीय. इथे लाकडाची पट्टी आडवी येत होती ना, म्हणून फिरवून लावलीय. हिचं लाल म्हणजे त्या मोटरचं हिरवं." मग तिनंच तोडगा काढला. रंग बघायचाच नाही. एकेका मोटरला वेगवेगळी वीज देऊन बघायचं, सांधा सरळ झाला की त्या वायरीला 'सरळ' अशी चिठ्ठी, वळला की 'वळण' अशी चिठ्ठी. मग चिठ्ठीला चिठ्ठी जोडायची.

दहा मिनिटांत काम झालं. बटण दाबलं, दोन्ही सांधे एकदम 'टक्' झाले आणि गाडी बाहेरून आत झुळकन गेली. टाळ्या तर वाजल्याच, पण काका जे म्हणाले ते मला जास्त मोलाचं वाटतं. ते म्हणाले, "वायरीचा रंग विचारू नका, तिचं काम विचारा."

प्लस आणि मायनसचं भांडण

एवढ्यावर संपलं असतं तर काय हवं होतं! पुढचा धडा शॉर्टसर्किटचा होता.

छोट्या गाडीला वीज रुळांमधूनच मिळते. एक रूळ प्लस, दुसरा मायनस. चाकांतून वीज इंजिनातल्या मोटरला जाते आणि गाडी चालते. पण सांध्याच्या पोटात एक रूळ दुसऱ्याला छेदून जातो. म्हणजे प्लसवाला आणि मायनसवाला समोरासमोर येतात! त्या छेदाच्या जागी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखं एक टोक असतं, त्याला फ्रॉग म्हणतात. गाडी सरळ जाणार असेल तर त्या टोकात एक वीज हवी, वळणार असेल तर बरोबर उलटी. काही कंपन्या हे टोक प्लॅस्टिकचं करतात. मग भांडणच नाही, पण लहान इंजिन त्या बिनविजेच्या जागेवर अडकून बसतं. काकांचे सांधे धातूच्या टोकाचे होते. त्यासाठी मोटरच्या दांडीला एक बारीकसा स्विच लावतात. सांधा फिरला की टोकातली वीजही फिरते.

आता क्रॉसओव्हरमध्ये अशी दोन टोकं असतात आणि मधला तिरका तुकडा त्यांना जोडतो. सांधे सरळ असताना या तुकड्याच्या एका बाजूनं प्लस येतं, दुसऱ्या बाजूनं मायनस. दोघे मध्ये भेटले की शॉर्ट! त्यावरचा उपाय अगदी साधा आहे. तिरक्या तुकड्याच्या दोन्ही रुळांमध्ये धातूच्या जोडाऐवजी प्लॅस्टिकचा जोड घालायचा. चाक वरून सहज जातं, वीज मात्र तिथे थांबते. एक नाही, दोन्ही रुळांत हवा. एकाच रुळात घातला, तर दुसरीकडून शॉर्ट व्हायचं ते होतंच.

तरीही एक पेच उरतोच. जुन्या पद्धतीच्या कंट्रोलरमध्ये गाडी मागे न्यायची म्हणजे प्लस-मायनसची अदलाबदल करायची. बाहेरच्या रुळावर एक गाडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरतेय, आतल्या रुळावर दुसरी उलट्या दिशेनं. दोन्हींना कंट्रोलर वेगवेगळे. अशा वेळी बाहेरची गाडी आत आणली, तर इंजिनाची चाकं प्लॅस्टिकच्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे टेकतात आणि दोन उलट्या विजा एकमेकींना भिडवतात. म्हणून आधी आतली गाडी थांबवायची, आतला कंट्रोलर बाहेरच्याच दिशेला करायचा, वेगही साधारण सारखा ठेवायचा आणि मगच बटण दाबायचं.

हे ऐकून एक आई म्हणाली, "म्हणजे दोन्ही घरांचं आधी पटायला हवं, तर सून सुखानं जाते!" सगळ्या खो-खो हसल्या. हसू ओसरलं तेव्हा काका म्हणाले, "वहिनी, तुमच्याइतकं सोपं करून मला कुणी शिकवलं नव्हतं." आजकाल डिजिटल पद्धत आली आहे. तिच्यात प्रत्येक इंजिनाला स्वतःचा नंबर असतो आणि रुळातली वीज दिशेप्रमाणे बदलावी लागत नाही. पण फ्रॉगचा आणि प्लॅस्टिकच्या जोडाचा नियम तिथेही सुटत नाही.

चिठ्ठी चुकली तर

वर्गाच्या शेवटच्या आठवड्यात काकांनी मुलींना एक वही दिली. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावायची, त्या चिठ्ठीचा नंबर वहीत लिहायचा आणि ती वायर काय काम करते तेही लिहायचं. मुली कंटाळल्या. गाडी तर चालतेय, मग हा पसारा कशाला? तेव्हा काकांनी त्यांना बहानगाची गोष्ट सांगितली. खोलीत एकदम शांतता पसरली.

२ जून २०२३. ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यातलं बहानगा बाजार हे छोटं स्टेशन. संध्याकाळची वेळ. चेन्नईकडे निघालेली कोरोमंडल एक्स्प्रेस भरधाव येत होती. सिग्नल हिरवा होता, मुख्य मार्गाचा. ड्रायव्हरनं नियमाप्रमाणेच गाडी पुढे घातली. पण तिथला १७ नंबरचा क्रॉसओव्हर सरळ नव्हता, वळणावर होता. गाडी मुख्य मार्ग सोडून बाजूच्या लूप लाइनवर शिरली. तिथे लोहखनिजानं भरलेली मालगाडी उभी होती. धडक एवढी भयंकर होती की डबे उसळून पलीकडच्या रुळावर, बंगळूरूहून हावड्याला जाणाऱ्या गाडीच्या शेवटच्या डब्यांवर गेले. २९० हून जास्त माणसं गेली. त्यांत पोटासाठी दूर दक्षिणेत कामाला निघालेली किती तरी होती.

रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी झाली. दोष निघाला तो सिग्नलच्या वायरिंगमध्ये. स्टेशनजवळच्या फाटकाचं काम करताना सर्किटमध्ये जे बदल झाले, ते चुकीचे झाले होते. सांधा वळलेला असताना यंत्रणेला मात्र तो सरळ असल्याचं कळत होतं. आणि त्याच्याही आधीपासून, पेटीतल्या वायरींवरची नावं चुकीची लागलेली होती. कित्येक वर्षं ती कुणाच्या ध्यानातही आली नव्हती.

काका म्हणाले, "पोरींनो, सिग्नलवाल्याचं सगळं आयुष्य एवढ्याच गोष्टीसाठी असतं. सांधा जे सांगतो आणि दिवा जे दाखवतो, ते एकच असलं पाहिजे. वायरीवर चिठ्ठी नसेल, तर माणूस निदान शंका घेऊन तपासतो. चुकीची चिठ्ठी असेल, तर तो निर्धास्तपणे चुकतो."

त्यानंतर वहीबद्दल कुणी कुरकुर केली नाही. उलट त्यांनी स्वतःचे नियम केले. चिठ्ठी लावणारी एक आणि तपासणारी दुसरी. वायर बदलली, तर चिठ्ठी त्याच दिवशी बदलायची. आणि चिठ्ठी काहीही म्हणो, एकदा वीज देऊन खात्री करायची. मैत्रिणींनो, खेळण्यातल्या गाडीवर पंधरा वर्षांच्या मुलींनी केलेले हे नियम आहेत. ते किती मोठ्या जागी लागू पडतात, ते तुम्हीच बघा.

हा मुलांचा खेळ?

"तो मुलांचा खेळ" हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून मी थोडं वाचलं. छोट्या आगगाड्यांमध्ये जगभर गाजलेलं एक नाव म्हणजे जर्मनीतली मार्कलिन कंपनी. १८५९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा काय बनवत होती माहीत आहे? पत्र्याची भातुकली! बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी! संस्थापकांच्या पत्नी कॅरोलिन मार्कलिन हा माल घेऊन गावोगाव विकायला जात. त्या काळात बाईनं असं फिरणं म्हणजे केवढी गोष्ट! १८६६ मध्ये पती वारले, तरी त्यांनी धंदा बंद पडू दिला नाही. मुलं मोठी होऊन हाताशी येईपर्यंत त्यांनी तो तगवला. पुढे १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत याच कंपनीनं ठरावीक मापाच्या रुळांची, सांध्यांसकट आठच्या आकड्यासारखी मांडलेली खेळण्यातली रेल्वे दाखवली. भातुकलीतून आगगाडी निघाली ती अशी. मध्ये एक विधवा बाई घट्ट उभी राहिली म्हणून!

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. तिथल्या एम.आय.टी. या नामवंत संस्थेत १९४६ मध्ये छोट्या रेल्वेचा एक क्लब सुरू झाला. काही विद्यार्थी वर डोंगर, झाडं, घरं रंगवत. काही जण टेबलाखाली शिरून टेलिफोनचे जुने सुटे भाग जोडून सांधे आणि सिग्नल चालवत. ही टेबलाखालची मंडळीच पुढे संगणकाकडे वळली. १९६२ मध्ये 'स्पेसवॉर' हा अगदी सुरुवातीचा संगणकीय खेळ तयार झाला, तोही या क्लबातल्या मुलांच्या हातून. म्हणजे टेबलाखालची ती जागा ही साधी जागा नव्हे, पुढच्या विद्येचं ते दार होतं. आपण मुलींना त्या दारापाशी फिरकूच देत नाही आणि मग म्हणतो, मुलींना मशीनमधलं कळत नाही.

लांब कशाला, आपल्या साताऱ्याच्या सुरेखा यादव बघा. कराडच्या पॉलिटेक्निकमधून त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला आणि १९८९ मध्ये त्या रेल्वेत सहायक ड्रायव्हर झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वे ड्रायव्हर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. ८ मार्च २०११ रोजी, महिलादिनी त्यांनी डेक्कन क्वीन चालवली. २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. या सगळ्या प्रवासाच्या मुळाशी काय होतं? विजेचा अभ्यास करू दिलेली एक मुलगी.

फॉर्म भरला आहे

ती पालथी पडून उलटी मोटर शोधणारी मुलगी आठवते ना? यंदा तिची दहावी झाली. तिनं घरी सांगितलं, आयटीआयला जायचं, इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा ट्रेड घ्यायचा. वडील भडकले. "खांबावर चढणार का तू? शिवणकाम घे, नाहीतर सरळ अकरावी आर्ट्स कर." (आर्ट्सचा उल्लेख ऐकून मला जरा लागलंच हं!) आई गप्प. वर्षानुवर्षं गप्प राहण्याची सवय.

मी त्यांच्या घरी तीनदा गेले. वाद घातला नाही. महावितरणमध्ये खांबावर चढून काम करणाऱ्या मुली आज आहेत, एवढं सांगितलं. तिसऱ्या खेपेला वडिलांना म्हटलं, "दादा, एकदा काकांचं टेबल बघायला चला. पटलं नाही तर मी पुन्हा येणार नाही." ते आले. वरून गाड्या बघितल्या. मग मुलगी म्हणाली, "बाबा, खाली बघा." हातात टॉर्च घेऊन ते गुडघ्यांवर बसले आणि खाली वाकले. प्रत्येक वायर सरळ, प्रत्येक टोकाला चिठ्ठी, लेकीच्याच अक्षरातली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे सगळं तू केलंस?" ती म्हणाली, "आम्ही नऊ जणींनी."

आईनं त्या दिवशी प्रथमच तोंड उघडलं. म्हणाली, "आपल्या पंपाचा स्टार्टर सारखा बिघडतो, वायरमन चार-चार दिवस येत नाही. घरातलीच शिकली तर काय वाईट?" बघा, बायकांचा हिशेब किती पक्का असतो! फॉर्म भरला आहे. यादी लागायची आहे. वडील अजून पूर्ण वळलेत असं मी म्हणणार नाही. पण फॉर्मवर सही त्यांचीच आहे.

असो. तुमच्या गावात असे काका असतीलच असं नाही. पण पुण्याला जाणं झालं, तर कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ मध्ये सुरू केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तिथे मुलींना जरूर न्या. मुलगा असेल तर त्यालाही न्या, पण मुलीला पुढे उभी करा. आणि नुसतं "कित्ती गोड!" म्हणून परतू नका. हे खालून कसं चालतं, असं तिला विचारायला सांगा.

आणि एक काम घरच्या घरी, येत्या रविवारीच करा. घरातल्या मेन बोर्डावर एमसीबीच्या चार-सहा खटक्यांची रांग असते. कुठला खटका कुठल्या खोलीचा, हे किती घरांत लिहिलेलं असतं? काही उघडायचं नाही, वायरीला हात लावायचा नाही. लेकीला घेऊन एकेक खटका खाली करायचा, कुठले दिवे गेले ते बघायचं आणि त्याच्या शेजारी चिठ्ठी लावायची. स्वयंपाकघर, देवघर, मोटर. दोघींनी मिळून करा. एक लावेल, दुसरी तपासेल. रात्री-अपरात्री काही जळाल्याचा वास आला, तर घरातले पुरुष येण्याची वाट बघावी लागणार नाही.

आमच्या मुलींची ती वही आता काकांच्या टेबलाखाली खिळ्याला टांगलेली आहे. पुढच्या मे महिन्यात नव्या मुली येतील, दुसरा क्रॉसओव्हर बसवतील. वहीच्या पहिल्या पानावर जुन्या मुलींनी त्यांच्यासाठी दोनच ओळी लिहून ठेवल्या आहेत. 'चिठ्ठी वाचा. मग वीज देऊन खात्री करा.'